पाणी उतरतं, ताप नंतर येतो

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही विचारा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते तो घड्याळात पाहिल्यासारखं सांगेल. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीतून पुढे किती जातंय, याची चर्चा चहाच्या टपरीवर पाटबंधारे खात्याच्या थाटात चालते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी लोकांना हे शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

पुरानंतर येणाऱ्या आजारांची अशी पातळी मात्र कुणाला पाठ नसते. काळजी सगळेच करतात, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी होते. पाणी दारात असताना आणि ओसरल्यावरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत भीती सर्वांत जास्त असते. संसर्गाचे बहुतेक आजार त्यानंतर येतात. काही आठवड्याने, काही पंधरवड्याने, तर एखादा महिना-दीड महिन्यानेही. तोवर आरोग्य शिबिरं उठलेली असतात, पंचनामे सुरू झालेले असतात आणि आपण ‘सुटलो एकदाचे’ म्हणून कामाला लागलेलो असतो.

म्हणून कृष्णाकाठच्या पुरामागून काय काय येतं, ते इथे येण्याच्या क्रमानेच पाहू. त्यासाठी एक शब्द आधी समजून घेऊ: अधिशयन काळ. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. प्रत्येक आजाराचा हा काळ वेगळा असतो. पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर चालतो.

घर सोडताना

पाणी चढू लागलं की आपण दागिने, कागदपत्रं, धान्य आणि जनावरं हलवतो. औषधांची पिशवी मात्र बऱ्याचदा फळीवरच राहते. घरात कुणाला क्षयरोगाच्या म्हणजे टीबीच्या गोळ्या चालू असतील, किंवा एचआयव्हीच्या, तर ती पिशवी कागदपत्रांच्या आधी उचलायची. या गोळ्या मध्येच तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

इथे अडचण बहुधा लाजेची असते. निवारा केंद्रात, शाळेच्या एका वर्गात वीस घरं एकत्र राहत असताना टीबीची गोळी सगळ्यांसमोर काढायला माणूस कचरतो. गोळ्या वाहून गेल्या असतील तर केंद्रावर येणाऱ्या आशाताईंना किंवा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. सरकारी दवाखान्यातून त्या पुन्हा मिळतात, आणि त्यासाठी आपल्याच गावच्या दवाखान्यात जावं लागतं असंही नाही.

निवारा केंद्रात गर्दी असते, त्यामुळे सर्दी, खोकला आणि गोवर तिथे लवकर पसरतात. लहान मुलांचं लसीकरणाचं कार्ड जवळ असेल तर राहिलेला डोस तिथेच देता येतो. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावकडे दरडी कोसळल्या. तेव्हा डोंगरातल्या कितीतरी कुटुंबांना असंच शाळांमधून राहावं लागलं. तिथे पुराच्या पाण्याचा प्रश्न नव्हता, गर्दीचा आणि थंडीचा होता.

पाणी उतरतं तेव्हा

गावात परत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा अंगावर येतो तो वास. कुजलेलं धान्य, सडलेली वैरण, मेलेली जनावरं यांचा. २०१९ मध्ये हे दृश्य पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी पाहिलं. त्या वासाने लोक हवालदिल होतात आणि आता साथ येणार असं धरून चालतात.

वास आणि साथ यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नसतो. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या माणसांच्या वा जनावरांच्या देहांतून मोठी साथ पसरण्याची शक्यता कमी असते. ती जनावरं विहिरीत किंवा पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ पडली असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा देह लवकर हलवायचे, उघड्या हातांनी हाताळायचे नाहीत, पण नाकाला रुमाल लावून बसलं की आपण वाचलो अशी समजूतही करून घ्यायची नाही.

याच दिवसांत रस्त्याच्या दुतर्फा पांढऱ्या पावडरीच्या रेघा दिसतात. त्या पाहून बरं वाटतं, काहीतरी चाललंय असं वाटतं. माझं मत विचाराल तर त्यांतली बरीचशी पावडर दिखाऊ असते. जंतुनाशक पावडरीची खरी जागा पाण्याच्या टाकीत आणि विहिरीत आहे. ओल्या चिखलावर भुरभुरलेली पावडर काही तासांत निकामी होते.

चिखल काढताना

खरा धोका बिनवासाचा असतो आणि तो याच दिवशी शरीरात शिरतो. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस, बोलण्यात लेप्टो. उंदीर, गाईम्हशी, कुत्री, डुकरं यांच्या मुतातून हा जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतो. ओल्या, उबदार मातीत तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. कोरडं ऊन, साबण आणि क्लोरीन यांपुढे मात्र तो टिकत नाही.

तो शिरतो कसा? पायाला चीर असेल, बोटांच्या बेचक्यांत कुजलेलं असेल, हाताला खरचटलं असेल तर तिथून. तासन् तास पाण्यात राहून भिजून मऊ पडलेल्या कातडीतून. आणि डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतून. म्हणजे चिखल उपसताना कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि हात डोळ्याला लागला, तेवढंही पुरतं.

आता हा चिखल काढतं कोण, ते पाहा. घरात बायका. पुरुष गोठ्याकडे, शेताकडे, पंचनाम्याच्या रांगेत. घरातली गादी, भांडी, फडताळं, संडास यांचा गाळ बाई अनवाणी पायांनी धुते. शहरात सफाई कामगार गटारी मोकळ्या करतात, त्यांतले बरेच कंत्राटी, हातमोजे मिळाले तर मिळाले. सांगलीत २०१९ मध्ये मदतीला बाहेरच्या महापालिकांची पथकंही आली होती, आणि महाविद्यालयांतली मुलं फावडी घेऊन उतरली होती. यांतल्या कुणालाही विचारलं असतं, कसली भीती वाटते, तर साप आणि विजेचा शॉक ही उत्तरं आली असती. दोन्ही भीती रास्तच आहेत, पण लेप्टोचं नाव बहुतेकांनी घेतलं नसतं.

गमबूट आणि रबरी मोजे असतील तर उत्तमच. नसतील तर जखमेवर आधी चिकटपट्टी, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि काम थांबलं की लगेच साबणाने हातपाय धुवा. संध्याकाळी सगळं आटोपल्यावर एकदाच धुऊ, असं करू नका. खिळा, पत्रा लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं घ्यायला हवं. लेप्टोशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे ‘मी सुई घेतली आहे’ म्हणून दुसऱ्या धोक्यातून सुटका होत नाही.

आता गोळीविषयी. पूरग्रस्त भागात आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिन नावाचं प्रतिजैविक वाटतं. प्रतिजैविक म्हणजे जंतूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध. मोठ्या माणसाला ते साधारणपणे आठवड्यातून एकदा, दोनशे मिलिग्रॅम, दूषित पाण्याशी संबंध असेपर्यंत दिलं जातं. केरळात २०१८ च्या महापुरानंतर लेप्टोचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथेही हीच गोळी मोठ्या प्रमाणावर वाटली गेली.

गोळी हातात पडते, पोटात जात नाही. ताप नाही तर औषध कशाला, असं वाटतं. कुणी उपाशीपोटी घेतं, मळमळतं आणि मग शेजारणीलाही सांगतं की ही गोळी बाधते. घरातली बाई सगळ्यांना जेवायला घालून गोळ्या देते आणि स्वतःची उद्यावर टाकते, खरं तर चिखलात सर्वांत जास्त वेळ तीच असते. कुणी एकदा घेऊन संपूर्ण पावसाळ्याची बेगमी झाली असं समजतं. तेव्हा गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि आठ वर्षांखालच्या मुलांनाही तशी देऊ नये.

एक गोष्ट पुराबाहेरचीही. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात भातलावणीला माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून असतात. तिथल्या डोंगरउतारांवर पूर येत नाही म्हणून गोळ्याही सहसा वाटल्या जात नाहीत. चिखल, उंदीर आणि बैलाचं मूत मात्र तिथेही असतंच. गोठ्यात रोज हात घालणाऱ्या गवळ्याचंही तेच.

पहिला आठवडा: पिण्याचं पाणी

हगवण, जुलाब, उलट्या यांचा अधिशयन काळ लहान असतो. पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा तर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. त्यामुळे पुरानंतर सर्वांत आधी दिसणारे आजार हेच. याबाबत लोकांना बरीच माहिती असते. उकळून प्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चुकतं ते बारकाव्यात.

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं की त्याचा बराचसा भाग गाळाशीच झगडण्यात खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवा, पाणी निवळू द्या, दुपदरी फडक्याने गाळा, मग क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाका. त्यानंतर अर्धा तास थांबा. हा अर्धा तास बहुतेक घरं पाळत नाहीत. उकळायचं असेल तर पाणी खळखळल्यावर निदान एक मिनिट आचेवर ठेवा. बुडबुडे दिसताच उतरवू नका.

गावच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे पाहायला ओटी चाचणी असते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते आपल्या नळावर, आपल्यासमोर करून दाखवा असं म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. टाकीजवळच्या घरी रंग येतो आणि गावाच्या शेवटच्या वस्तीवर येत नाही, असं फार वेळा होतं. ती शेवटची वस्ती बहुधा कुणाची असते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून चाचणी शेवटच्या नळावर करायला सांगा.

महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावोगावच्या पाण्याच्या सोयींची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन एकदा विचारा.

शहरी घरांची समजूत वेगळी. घरात फिल्टर आहे, किंवा जारचं थंड पाणी येतं, म्हणून ती निर्धास्त असतात. पूर येऊन गेलेल्या इमारतीत जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्याने भरलेली असते. ती उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय वरचा फिल्टर फार काळ साथ देत नाही. जारच्या पाण्याबाबत विक्रेत्याला एकदा तरी विचारा, हे पाणी कुठलं आणि तपासतं कोण? गार आणि स्वच्छ दिसणं ही शुद्धतेची खूण नव्हे.

जुलाब लागलेच तर ओआरएस म्हणजे जलसंजीवनी. एक पुडी एक लिटर पाण्यात. पेल्यात अर्धी पुडी असं अंदाजाने नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. जुलाब बंद व्हावेत म्हणून पाणी तोडणं ही जुनी चूक अजूनही घराघरांत होते. मुलाला अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

दुसरा आठवडा: ताप

आता ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात तिथे आलो. लेप्टोचा अधिशयन काळ दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत असू शकतो, बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. म्हणजे घर धुऊन, रंगवायला काढून, शिबिराचे डॉक्टर गेल्यावर.

लक्षणं अशी: अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, कंबर आणि विशेषतः पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं पण चिपडं नसणं. सगळ्यांना सगळीच होत नाहीत. बऱ्याच जणांचा ताप वेळेवर औषध मिळालं की उतरतो. काहींच्या बाबतीत मात्र मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं यांवर घाव पडतो. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं, कुठूनही रक्त येणं यांपैकी एकही दिसलं तर वाट पाहू नका. सांगली-मिरजेकडच्यांनी शासकीय रुग्णालय, साताऱ्याकडच्यांनी जिल्हा रुग्णालय गाठा. रात्र असली तरी.

चूक कुठे होते? ‘एवढा चिखल उपसला, अंग दुखणारच’ इथे. पोटऱ्या दुखतात त्या कामाने, असं ज्यांनी काम केलं त्यांना वाटतं, आणि वाटणं साहजिक आहे. मग दुकानातून दुखण्याची गोळी येते, किंवा दवाखान्यात ‘एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय’ असं सांगितलं जातं. या तापात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं घातक ठरू शकतात, कारण मूत्रपिंडावर भार पडतो, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाची भीती. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही ठरलेल्या प्रमाणात. बाकी डॉक्टर ठरवतील.

आणि ज्यांनी चिखल काढला नाही ते? ते वाहिन्यांवर बातम्या पाहून तापाच्या तिसऱ्याच दिवशी खासगी प्रयोगशाळेत जाऊन लेप्टो, डेंग्यू, मलेरिया अशा सगळ्या तपासण्या एकदम करून घेतात. अहवाल कोरा आला की निश्चिंत होतात. अहवालाचाही काळ असतो. लेप्टोची रक्तातली जी तपासणी सर्वत्र होते ती पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आधी बहुधा कोरीच येते, कारण तोवर शरीराने प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारे घटक, पुरेसे तयार केलेले नसतात. डेंग्यूच्या एनएसवन तपासणीचं उलटं, ती पहिल्या पाच दिवसांतच कामाची. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला आणि रक्त कोणत्या दिवशी दिलं, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. पहिल्या अहवालात काही नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नका.

डॉक्टरांसमोर बसल्यावर एक वाक्य न विसरता बोला: ‘मी पुराच्या पाण्यात, चिखलात होतो,’ किंवा ‘मी गोठ्यात काम करते,’ ‘लावणीला गेले होते.’ दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर विचारतीलच असं नाही. या एका वाक्याने उपचार तपासणीच्या आधी सुरू होऊ शकतो, आणि लेप्टोत दोन दिवसांचा फरक मोठा असतो.

तिसऱ्या आठवड्यापासून: डास

डेंग्यूचा डास पुराच्या घाण, वाहत्या पाण्यात होत नाही. त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. पूर ओसरल्यावर छतावरचा टायर, फुटका माठ, फ्रिजमागचा ट्रे, मदतीत आलेला निळा पिंप यांत पावसाचं पाणी साठतं. अंड्यातून डास व्हायला सात ते दहा दिवस, विषाणू त्याच्या शरीरात पक्व व्हायला साधारण आठ ते बारा दिवस, मग चावल्यावर आपल्याला ताप यायला चार ते दहा. बेरीज करा, तीन-चार आठवडे सहज होतात. तोवर पूर कुणाच्या लक्षातही नसतो.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो याच हिशोबाने. भांडी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासायची, कारण अंडी काठाला चिकटून असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. ज्या हौदात पाणी ठेवायचंच आहे तिथे गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रातून मिळतात.

गमतीची गोष्ट अशी की याच डासाचा धोका पुराच्या उलट टोकालाही आहे. माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून प्रत्येक घरात पिंप, टाक्या, रांजण भरलेले. तिथल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिला सांगायचं ते एवढंच, की टाकीला घट्ट झाकण किंवा फडकं बांधा आणि पुढचं पाणी येण्याआधी तळ घासा. कृष्णाकाठच्या गावासाठी छापलेलं पत्रक तिकडे जसंच्या तसं वाटलं जातं, हे मला नेहमी खटकतं.

शहरात डेंग्यू म्हटलं की सगळी काळजी प्लेटलेटवर गोळा होते. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. सकाळ-संध्याकाळ आकडा मोजला जातो, पपईच्या पानांचा रस शोधला जातो. आकड्यापेक्षा रुग्णाकडे पाहा. ताप उतरतो तोच दिवस जपण्याचा असतो, साधारण तिसरा ते सातवा. ताप गेला, बरं झालं म्हणून घरचे सैल पडतात आणि नेमकं तेव्हाच पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती यांपैकी काही सुरू होऊ शकतं. तेव्हा लगेच दवाखाना.

धुराची फवारणी आली की लोक समाधानाने खिडक्या लावून घेतात. धूर उडता डास मारतो, पिंपातल्या अळीला काही करत नाही, आणि खिडक्या बंद असतील तर घरातल्या डासालाही नाही.

महिन्यानंतर: कावीळ

दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचे दोन प्रकार, ए आणि ई. दोन्हींचा अधिशयन काळ काही आठवड्यांचा. पुरात प्यालेल्या पाण्याचा परिणाम गणपती-गौरी होऊन गेल्यावर दिसू शकतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणी लावतच नाही. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली तीही नळाच्या पाण्यातूनच. तिथे माणसं दगावली.

ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. गळ्यात माळ बांधून, गावठी औषध घेऊन घरी बसणं इतरांना कदाचित निभावतं, तिला निभावणार नाही. घरात कुणी गरोदर असेल तर पुरानंतर दोन महिने तिचं पाणी उकळलेलंच असावं.

माहिती कुणाकडे, काळजी कुणाला

हे सगळं ज्यांना वाचायला मिळतं त्यांना बहुधा चिखलात उतरावं लागत नाही. जे उतरतात त्यांच्यासाठी काळजी करणंही खर्चिक असतं. ताप आला म्हणून दवाखान्यात गेलं की एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून त्यांचं गप्प राहणं म्हणजे अडाणीपणा असं मी मानत नाही.

चिखलात उतरणाऱ्यांनाच आजार आधी कळतो, याचं एक जुनं उदाहरण ऊसपट्ट्यातलंच आहे, पण ऑस्ट्रेलियातलं. क्वीन्सलँडच्या उसाच्या शेतात उंदरांमुळे लेप्टो पसरला, तोडणी करणारे मजूर आजारी पडू लागले. त्यांनी मागणी केली की तोडीआधी फड पेटवा, म्हणजे उंदीर जातील. मालकांनी ऐकलं नाही, तेव्हा १९३० च्या दशकाच्या मध्यात मजुरांनी संप केले. आजाराचं कारण आणि त्यावरचा उपाय दोन्ही त्यांना ठाऊक होती, कारण मरत होते तेच.

आपल्या सांगलीतही असं घडलं आहे. एचआयव्हीच्या काळात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांकडे सगळा समाज रोगाचं उगमस्थान म्हणून बोट दाखवत होता. १९९२ पासून संग्राम या संस्थेच्या कामात त्याच स्त्रिया पुढे आल्या, एकमेकींना माहिती देऊ लागल्या, निरोध वाटू लागल्या. बाहेरून आलेल्या पत्रकापेक्षा शेजारच्या खोलीतल्या बाईचं बोलणं पटलं. बोट दाखवणं मात्र पुढेही दिसलं. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातले पहिले करोना रुग्ण इस्लामपुरात सापडले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याच्या नजरा त्या एका गावावर खिळल्या. संपर्कातली माणसं शोधून ती साखळी तुटली. पण ज्या घराकडे गाव बोट दाखवतं, तिथला पुढचा ताप लपवला जातो. आपल्या गल्लीत कुणाला लेप्टो किंवा कावीळ झाली तर हे ध्यानात असू द्या. लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, त्या घरी जायला हरकत नाही.

आता शेवटचा गट, ज्याचं नाव कोणत्याच यादीत नसतं: ऊसतोड मजूर. आशाताई गावातल्या साधारण हजार माणसांमागे एक. तापाचं सर्वेक्षण त्या घरोघर जाऊन करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कालव्याच्या कडेला कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, पाणी जवळच्या पाटातलं किंवा मोटारीवरचं. कोपीला घर क्रमांक नसतो, म्हणून ती सर्वेक्षणातून सुटते. डेंग्यूचे दिवस अजून सरलेले नसतात, पुराचा गाळ शेतात असतो, उंदीर उसात असतात.

आपल्या शेतात यंदा टोळी उतरली तर एवढं करा. मुकादमाचा फोन नंबर आणि कोप्या किती, हे आपल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रात कळवा. टोळीला पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनचे थेंब मागून द्या. कोपीत कुणाला ताप आला, आणि तो दोन दिवसांत उतरला नाही, तर त्या दिवसाचा खाडा न धरता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १०४ हा आरोग्य खात्याचा नंबर आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.